नदीजल नमुनासंकलन (औद्योगिक प्रदूषण)

नदीजल नमुनासंकलन म्हणजे नदीच्या पाण्याचा लहानसा अंश ठरावीक जागी, ठरावीक वेळी व ठरावीक पद्धतीने घेऊन त्याच्या परीक्षणावरून नदीच्या स्थितीविषयी अनुमान काढण्याची प्रक्रिया होय. कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे होणारे प्रदूषण ओळखणे, त्याचा उगम शोधणे व त्याचे प्रमाण ठरवणे हा या प्रक्रियेचा एक महत्त्वाचा उपयोग आहे. नमुने कोठून, केव्हा, किती वेळा व किती संख्येने घ्यावयाचे आणि त्यांत कोणते घटक तपासावयाचे, याच्या पूर्वनियोजनास नमुनासंकलनाचा आराखडा म्हणतात.

प्रयोगशाळेत पोहोचणारे पाणी एक-दोन लिटर असते. ती बाटली भरेपर्यंत नदीतून हजारो लिटर पाणी वाहून गेलेले असते. म्हणून परीक्षण कितीही अचूक असले तरी आराखडा सदोष असल्यास निष्कर्ष चुकतो. अशा वेळी असलेले प्रदूषण दिसत नाही, किंवा एका उद्योगाचा दोष दुसऱ्याच्या माथी येतो. एकट्या नमुन्यावरून पाण्यात काय होते एवढेच कळते. ते कोठून आले, हे दोन वा अधिक नमुन्यांच्या तुलनेवरूनच ठरवता येते. नदीच्या खालच्या अंगाला पिण्याचे पाणी उचलणारी गावे, मासेमारी व शेती या निष्कर्षांवर अवलंबून असल्याने हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही.

उद्देशाची निश्चिती

आराखड्याची पहिली पायरी म्हणजे कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते ठरवणे. सर्वसाधारणपणे हे प्रश्न पुढील प्रकारचे असतात.

• नदीच्या गुणवत्तेत वर्षानुवर्षे कोणता बदल होत आहे?
• एखाद्या औद्योगिक वसाहतीमुळे नदीच्या पाण्यात मोजता येईल असा फरक पडतो काय?
• अनेक उद्योगांपैकी विशिष्ट प्रदूषक कोणत्या उगमातून येतो?
• विशिष्ट कारखान्याचे सांडपाणी विहित मर्यादेत आहे काय?
• मासे मरणे, फेस येणे, पाण्याचा रंग बदलणे अशा आकस्मिक घटनेचे कारण काय?

यांपैकी प्रत्येक प्रश्नाला वेगळा आराखडा लागतो. दीर्घकालीन बदल पाहण्यासाठी त्याच जागी, त्याच पद्धतीने अनेक वर्षे नमुने घेणे आवश्यक असते. आकस्मिक घटनेत मात्र काही तासांत शक्य तितक्या जागी पोहोचणे महत्त्वाचे ठरते. एका उद्देशाने जमवलेली आकडेवारी दुसऱ्या उद्देशासाठी वापरताना चुकीची अनुमाने निघण्याचा संभव असतो. महिन्यातून एकदा पुलावरून घेतलेल्या नमुन्यांवरून नदीचा कल समजू शकतो, परंतु रात्री सांडपाणी सोडले जात नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही.

स्थाननिवड

संदर्भ स्थान

औद्योगिक प्रदूषणाच्या शोधात किमान तीन स्थाने आवश्यक मानली जातात. सांडपाणी नदीत मिसळण्याच्या जागेच्या वरच्या अंगाचे स्थान, प्रत्यक्ष सांडपाणी वाहून आणणारा नाला वा वाहिनी, आणि खालच्या अंगाचे स्थान ही ती तीन होत. वरच्या अंगाच्या स्थानास संदर्भ स्थान म्हणतात. तेथील पाणी शुद्धच असावे अशी अपेक्षा नसते. तपासावयाच्या उगमाचा परिणाम सोडून बाकी सर्व परिणाम त्यात समाविष्ट असावेत, एवढीच अपेक्षा असते. वरच्या गावाचे घरगुती सांडपाणी आधीच नदीत येत असेल, तर ते संदर्भ स्थानाच्या नमुन्यातही आले पाहिजे. तसे न झाल्यास गावाचे प्रदूषण कारखान्याच्या खात्यावर मांडले जाते.

दोन स्थानांच्या दरम्यान एखादा ओढा, उपनदी किंवा दुसरा नाला मिळत असल्यास त्याच्या मुखाशीही नमुना घ्यावा लागतो. नवा कारखाना सुरू होणार असेल, तर तो सुरू होण्यापूर्वी व नंतर, वरच्या व खालच्या अशा दोन्ही स्थानांवर नमुने घेणे हा सर्वांत भक्कम आराखडा समजला जातो. वरच्या स्थानावर जो बदल झाला नाही तो खालच्या स्थानावर झाला, असे त्यातून दाखवता येते.

मिश्रणाचे अंतर

नदीत सोडलेले सांडपाणी लगेच सर्वत्र मिसळत नाही. खोलीच्या दिशेने मिश्रण लवकर होते, परंतु रुंदीच्या दिशेने ते अतिशय सावकाश होते. काठावरून सोडलेल्या सांडपाण्याचा पट्टा त्याच काठाने दूरवर वाहत जातो. संपूर्ण मिश्रणासाठी लागणारे अंतर नदीच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सुमारे ५० मीटर रुंद, १ मीटर खोल, सौम्य उताराच्या व सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणाऱ्या सरळ पात्रात हे अंतर, जलविज्ञानातील प्रचलित सूत्रानुसार, १५ किलोमीटरपेक्षाही अधिक भरू शकते. तेच सांडपाणी पात्राच्या मध्यभागी सोडल्यास अंतर सुमारे एक-चतुर्थांश होते. वळणे, खडकाळ उतार व बंधारे यांमुळे मिश्रण लवकर होते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, कारखाना डाव्या काठावर असताना उजव्या काठावरून घेतलेला नमुना निर्दोष निघू शकतो. म्हणून मिश्रण पूर्ण झाल्याची खात्री नसेल तेथे डावा काठ, मध्य व उजवा काठ असे किमान तीन नमुने घेतात. तिन्ही ठिकाणच्या विद्युत वाहकतेत व तापमानात फरक नसेल, तर मिश्रण झाले असे मानता येते. ही दोन्ही मापे जागेवरच काही मिनिटांत घेता येत असल्याने स्थाननिवडीपूर्वीच्या पाहणीत ती फार उपयोगी पडतात.

खाड्या आणि बंधारे

कोकणातील उल्हास, पाताळगंगा, सावित्री, वाशिष्ठी अशा नद्यांच्या खालच्या टप्प्यात भरती-ओहोटीचा परिणाम जाणवतो. भरतीच्या वेळी सांडपाणी उलट्या दिशेने वर सरकते आणि संदर्भ स्थानच दूषित होते. अशा ठिकाणी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून नमुने घ्यावे लागतात, आणि नमुन्यासोबत भरतीची अवस्था व क्षारता नोंदवावी लागते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड काही परीक्षणांत अडथळाही आणते.

पश्चिम महाराष्ट्रातील पंचगंगेसारख्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यात सेंद्रिय द्रव्ये तळाशी बसतात व तळाजवळचा प्राणवायू संपतो. बरगे काढल्यावर किंवा पहिल्या पावसात हे पाणी एकदम पुढे लोटले जाते आणि मासे मरतात. अशा वेळी मृत मासे जेथे दिसतात तेथेच प्रदूषणाचा उगम आहे असे समजणे चुकीचे ठरू शकते. बंधाऱ्यामागील साठ्यात पृष्ठभागाजवळ व तळाजवळ असे वेगवेगळे नमुने घेणे आवश्यक असते.

वेळ आणि वारंवारता

एकाच क्षणी भरलेल्या बाटलीस तात्कालिक नमुना म्हणतात. ठरावीक अंतराने घेतलेले अनेक अंश एकत्र करून तयार केलेल्या नमुन्यास संमिश्र नमुना म्हणतात. तात्कालिक नमुना त्या क्षणाचे खरे चित्र देतो, तर संमिश्र नमुना सरासरी देतो. दोहोंच्या मर्यादा पुढील उदाहरणावरून स्पष्ट होतात.

समजा, एखाद्या नाल्यात दररोज रात्री दोन तास तीव्र सांडपाणी सोडले जाते. दिवसाच्या कोणत्याही वेळी यादृच्छिकपणे घेतलेल्या एका नमुन्यात ते सापडण्याची शक्यता २४ तासांत २ तास, म्हणजे सुमारे ८ टक्के असते. वर्षातून असे १२ नमुने घेतल्यास ते किमान एकदा सापडण्याची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत जाते. परंतु बाराही नमुने कार्यालयीन वेळेत, सकाळी अकराच्या सुमारास घेतले, तर ही शक्यता शून्य राहते. सांडपाणी दररोज न सोडता आठवड्यातून एकदाच दोन तास सोडले जात असेल, तर यादृच्छिक वेळी घेतलेले १२ नमुनेही केवळ १३ टक्के शक्यता देतात.

दर तासाला एक याप्रमाणे २४ अंशांचा संमिश्र नमुना घेतल्यास रात्रीचे सांडपाणी त्यात निश्चित येते, पण सौम्य होऊन येते. नाल्याची रासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजेच सीओडी, एरवी दर लिटरला २० मिलिग्रॅम आणि त्या दोन तासांत ६०० मिलिग्रॅम असेल, तर संमिश्र नमुन्यात ती सुमारे ६८ मिलिग्रॅम दिसेल. नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी भारतातील सर्वसाधारण मर्यादा दर लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दोन तास मर्यादेच्या दुपटीहून अधिक असलेले सांडपाणी अशा प्रकारे सरासरीत लपते. म्हणून संशयित ठिकाणी तासागणिक अंश वेगवेगळ्या बाटल्यांत साठवणारे स्वयंचलित नमुनायंत्र वापरतात. सामू व विद्युत वाहकता अखंड नोंदवणाऱ्या संवेदकाने अचानक बदल टिपताच नमुना घेतला जाईल, अशीही योजना करता येते.

टँकरमधून रसायने ओतण्याचे प्रकार नियमित वेळापत्रकात सापडत नाहीत. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगर परिसरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून टाकलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरून शेकडो रहिवाशांना त्रास झाला. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळील सचिन औद्योगिक वसाहतीत अशाच प्रकारात सहा कामगारांचा मृत्यू झाला. अशा घटनांत पाण्याच्या नमुन्यांइतकेच रस्त्यांवरील देखरेखीला व वाहतुकीच्या नोंदींना महत्त्व असते.

वरच्या व खालच्या स्थानांवरील नमुन्यांच्या वेळांचाही मेळ घालावा लागतो. पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असल्यास ३ किलोमीटर अंतर कापण्यास त्याला १०० मिनिटे लागतात. दोन्ही स्थानांवर एकाच वेळी नमुने घेतले, तर प्रत्यक्षात पाण्याच्या दोन वेगळ्या लोटांची तुलना होते. हा प्रवासकाळ तरंगत्या वस्तूच्या साहाय्याने किंवा निरुपद्रवी रंगद्रव्य सोडून मोजता येतो.

प्रवाहमापन आणि प्रदूषणभार

प्रदूषकाचे पाण्यातील प्रमाण नदीच्या प्रवाहावर अवलंबून असते. त्यामुळे प्रवाह न मोजता घेतलेल्या नमुन्याचा अर्थ अपुरा राहतो. मिश्रणानंतरचे प्रमाण काढण्यासाठी नदीचा प्रवाह व तिच्यातील प्रमाण यांचा गुणाकार, अधिक सांडपाण्याचा प्रवाह व त्यातील प्रमाण यांचा गुणाकार, भागिले एकूण प्रवाह, असे सूत्र वापरतात.

उदाहरणार्थ, उन्हाळ्यात नदीचा प्रवाह सेकंदाला २ घनमीटर व तिची जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजेच बीओडी, दर लिटरला २ मिलिग्रॅम आहे. तिच्यात सेकंदाला ०.१ घनमीटर या दराने ३०० मिलिग्रॅम बीओडीचे सांडपाणी मिसळते. मिश्रणानंतरची बीओडी सुमारे १६ मिलिग्रॅम होते. पावसाळ्यात प्रवाह २०० घनमीटर झाल्यावर तेच सांडपाणी केवळ २.१५ मिलिग्रॅम इतकी बीओडी दाखवते. हा ०.१५ मिलिग्रॅमचा फरक बीओडी परीक्षणाच्या नेहमीच्या त्रुटीत बुडून जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार, पारंपरिक शुद्धीकरण व निर्जंतुकीकरणानंतर पिण्यासाठी वापरावयाच्या पाण्याची बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. म्हणजेच पावसाळ्यातील नमुना या निकषात बसतो आणि उन्हाळ्यातील नमुना त्याच्या पाचपटीहून अधिक भरतो. कारखान्याच्या वर्तनात मात्र तिळमात्र फरक पडलेला नसतो.

प्रमाण व प्रवाह यांच्या गुणाकारास प्रदूषणभार म्हणतात. वरील उदाहरणात सांडपाण्याचा भार दोन्ही ऋतूंत सेकंदाला ३० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे २.६ टन एवढाच आहे. उगमांची परस्पर तुलना करताना केवळ प्रमाणाऐवजी भार पाहणे अधिक योग्य असते. प्रदूषणाचा परिणाम ओळखण्यासाठी किमान प्रवाहाचा काळ, म्हणजे साधारणतः मार्च ते मे, आराखड्यात अवश्य असावा लागतो.

घटकांची निवड

प्रत्येक नमुन्यात सर्व घटक तपासणे खर्चिक असते व बहुधा अनावश्यकही असते. तापमान, सामू, विद्युत वाहकता व विरघळलेला प्राणवायू ही मूलभूत मापे सर्वच ठिकाणी घेतात. त्यांच्या जोडीला परिसरातील उद्योगांच्या प्रक्रिया अभ्यासून सूचक घटक निवडतात.

• चर्मोद्योग: क्रोमियम, सल्फाइड, क्लोराइड
• विद्युत विलेपन: सायनाइड, षट्संयुजी क्रोमियम, निकेल, जस्त
• साखर कारखाने व आसवनी: बीओडी, सीओडी, रंग, पोटॅशियम
• कापड प्रक्रिया व रंगद्रव्ये: रंग, विरघळलेले क्षार, सीओडी, जड धातू
• औषधे व रसायने: सीओडी, अमोनिया, फिनॉल, कार्बनी द्रावके
• दुग्धप्रक्रिया: बीओडी, तेल व स्निग्ध पदार्थ

आसवनीच्या प्रक्रिया न केलेल्या मळीमिश्रित सांडपाण्याची बीओडी दर लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. त्यामुळे त्याची अल्पशी गळतीही लहान नदीत जाणवते.

घरगुती व औद्योगिक सांडपाणी वेगळे ओळखणे हे महाराष्ट्रासारख्या दाट नागरी वस्तीच्या राज्यात विशेष महत्त्वाचे आहे. सर्वसाधारण घरगुती सांडपाण्यात सीओडी ही बीओडीच्या सुमारे दुप्पट असते. हे गुणोत्तर बरेच वाढलेले असल्यास सूक्ष्मजीवांना न पचणारी औद्योगिक द्रव्ये असण्याची शक्यता सूचित होते. याउलट, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळल्यास घरगुती सांडपाण्याचा सहभाग दिसून येतो. एखादेच लक्षण निर्णायक मानले जात नाही. साखर व दुग्ध उद्योगांचे सांडपाणीही सहज कुजणारे असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

तळगाळ आणि जीवसृष्टी

वाहते पाणी निघून जाते, परंतु जड धातू व अनेक कीटकनाशके गाळाच्या सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी राहतात. म्हणून तळगाळाचा नमुना हा गेल्या काही महिन्यांचा किंवा वर्षांचा संचित पुरावा ठरतो. पाण्यात धातू सापडले नाहीत, पण नाल्याच्या मुखापासून खाली जाताना गाळातील त्यांचे प्रमाण क्रमाने घटत गेले, तर उगमाची दिशा कळते. तुलना करताना सारख्याच आकाराच्या कणांचा गाळ घ्यावा लागतो. वाळूत धातू कमी टिकतात व चिकणगाळात अधिक, त्यामुळे गाळाचा प्रकार बदलल्यास खोटा फरक दिसू शकतो.

तळाशी राहणारे अपृष्ठवंशीय जीवही असाच पुरावा देतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय व कॅडिसफ्लाय या कीटकांच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या व पिल्ले प्रदूषणास संवेदनक्षम असतात, तर कायरोनोमिडच्या लाल अळ्या व ट्युबिफेक्स कृमी अल्प प्राणवायूतही तग धरतात. वरच्या अंगाला पहिल्या गटातील जीव विपुल आणि खालच्या अंगाला केवळ दुसऱ्या गटातील जीव, असे चित्र दिसल्यास मधल्या पट्ट्यात प्रदूषण झाले असावे, असे अनुमान निघते; मग बाटली भरते वेळी पाणी स्वच्छ असले तरी. मात्र दोन्ही ठिकाणचा तळ, खोली व वेग सारखे असणे आवश्यक आहे. जैविक पाहणी प्रदूषणाचे अस्तित्व दाखवते. प्रदूषकाचे नाव सांगण्यासाठी रासायनिक परीक्षणच लागते.

संकलन आणि परिरक्षण

उथळ पात्रात उतरून नमुना घेताना प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात व बाटली पृष्ठभागाखाली साधारण २० ते ३० सेंटिमीटर धरतात. पायांनी ढवळलेला गाळ पुढील नमुन्यात येऊ नये म्हणून आधी खालच्या व नंतर वरच्या स्थानावर जाण्याची पद्धत आहे. प्रवासकाळाचा मेळ घालावयाचा असल्यास दोन स्वतंत्र पथके नेमतात. तेल व स्निग्ध पदार्थांसाठी मात्र पृष्ठभागावरील पाण्याचा स्वतंत्र नमुना काचेच्या बाटलीत घेतात आणि तो सबंध वापरतात.

नमुना बाटलीत भरल्यावरही त्यात रासायनिक व जैविक बदल होत राहतात. ते रोखण्यासाठी पुढील पद्धती वापरतात.

• सामू, तापमान व विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजतात. विंकलर पद्धतीत प्राणवायू जागेवरच रासायनिकरीत्या स्थिर करतात.
• धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली वापरून नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणतात. विरघळलेले धातू मोजावयाचे असल्यास आम्ल घालण्यापूर्वी नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात.
• सीओडी व अमोनियासाठी गंधकाम्लाने सामू २ च्या खाली आणतात.
• सायनाइडसाठी सोडियम हायड्रॉक्साइडने सामू १२ च्या वर नेतात. आम्ल घातल्यास विषारी वायू निर्माण होतो, म्हणून ही बाटली आम्लापासून दूर ठेवतात.
• बीओडीचा नमुना बर्फात, अंधारात ठेवून शक्यतो २४ तासांच्या आत परीक्षणास घेतात.

भारतात या कामासाठी भारतीय मानक ३०२५ ची मालिका वापरली जाते. तिच्या पहिल्या भागात नमुनासंकलनाचे नियम आहेत. आंतरराष्ट्रीय स्तरावर आयएसओ ५६६७ ही मालिका प्रचलित आहे.

गुणवत्ता नियंत्रण आणि नमुन्यांची संख्या

आढळलेला प्रदूषक नदीतलाच आहे, बाटलीतला किंवा हातमोज्यातला नाही, हे दाखवण्यासाठी कोरे नमुने घेतात. प्रयोगशाळेतील शुद्ध पाणी नदीकाठी नेऊन तेथे बाटलीत भरतात व इतर नमुन्यांप्रमाणेच परत आणून तपासतात. त्यात धातू आढळल्यास त्या दिवसाच्या सर्व नमुन्यांविषयी शंका निर्माण होते. याशिवाय काही ठिकाणी दुहेरी नमुने घेऊन संकलनातील त्रुटी मोजतात. उपकरणाच्या शोधमर्यादेखालील उत्तर ‘शून्य’ असे न लिहिता ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’ असे लिहून मर्यादेचा आकडा देतात.

किती नमुने पुरेसे, हे पाण्याच्या मूळच्या चढउतारावर अवलंबून असते. एखाद्या घटकाचे प्रमाण विचलन ६ मिलिग्रॅम असेल आणि सरासरी ३ मिलिग्रॅमच्या मर्यादेत ९५ टक्के विश्वासाने हवी असेल, तर सुमारे १६ स्वतंत्र नमुने लागतात. हीच मर्यादा निम्मी केल्यास नमुन्यांची संख्या चौपट होते. यातील ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाच जागी दहा मिनिटांत भरलेल्या दहा बाटल्या ही दहा निरीक्षणे नसून एकाच निरीक्षणाच्या दहा प्रती असतात. वरच्या व खालच्या स्थानांवर त्याच दिवशी जोडीने घेतलेल्या नमुन्यांतील फरक तपासल्यास ऋतुमानाचा परिणाम बराचसा वगळला जातो व कमी नमुन्यांतही निष्कर्ष काढता येतो.

भारतातील तरतुदी

महाराष्ट्रात जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्य कायदा १९६९ मध्ये झाला व १९७० मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा केंद्रीय कायदा त्यानंतरचा आहे. या अधिनियमाच्या कलम २१ नुसार मंडळाच्या अधिकाऱ्यास प्रवाहातील, विहिरीतील तसेच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचे नमुने घेण्याचा अधिकार आहे.

सांडपाण्याचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाण्यासाठी कायद्याने घालून दिलेली पद्धत पाळावी लागते. परीक्षणाच्या हेतूची नोटीस कारखान्याच्या प्रभारीस तेथेच द्यावी लागते. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून, त्यांवर खुणा व मोहोर करून, दोघांच्या स्वाक्षऱ्या घेऊन एक भाग मंडळाच्या वा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे विनाविलंब पाठवावा लागतो. प्रभारीने विनंती केल्यास दुसरा भाग राज्य प्रयोगशाळेकडे जातो. या पद्धतीत त्रुटी राहिल्यास शास्त्रीयदृष्ट्या अचूक परीक्षणही पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणून नमुना कोणाच्या हातातून कोणाच्या हाती, केव्हा गेला याची अखंड नोंद हा आराखड्याचाच भाग मानला जातो. नागरिक वा विद्यार्थी यांनी घेतलेल्या नमुन्यांना असा कायदेशीर दर्जा आपोआप मिळत नाही. परंतु कोठे व केव्हा तपासणी करावी हे यंत्रणेच्या निदर्शनास आणण्यास ते उपयोगी पडतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा राष्ट्रीय जलगुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रम राज्य मंडळांच्या सहकार्याने चालतो. त्यात नद्यांचे नमुने बहुतांशी मासिक किंवा त्रैमासिक घेतले जातात. अति प्रदूषणकारी अशा १७ प्रवर्गांतील उद्योगांनी सांडपाण्याचे अखंड ऑनलाइन मापन करणारी उपकरणे बसवावीत, असे निर्देश केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये दिले.

उल्लेखनीय उदाहरणे

मिनामाता: जपानमधील मिनामाता येथे चिसो कंपनीच्या रासायनिक कारखान्यातील पाऱ्याच्या संयुगामुळे उद्भवलेला मज्जासंस्थेचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदवला गेला. कारखान्याचे सांडपाणी तोवर उपसागरातील ह्याक्केन बंदराकडे जात असे. १९५८ मध्ये ते मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवण्यात आले आणि त्यानंतर त्या बाजूच्या किनाऱ्यावरही रुग्ण आढळू लागले. आधी-नंतर व येथे-तेथे अशी तुलना येथे मानवी जिवांच्या मोलाने घडून आली. पाऱ्याचा माग समुद्राच्या पाण्यापेक्षा तळगाळात, मासे-शिंपल्यांत व रुग्णांच्या केसांत अधिक स्पष्ट मिळाला. जपान सरकारने कारखान्याचे सांडपाणी हे कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ मध्ये.

ऱ्हाइन: १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामास आग लागली. आग विझवण्यासाठी वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाइन नदीत गेली व खालच्या अंगाला शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. त्यानंतर ऱ्हाइनकाठच्या देशांनी १९८७ मध्ये संयुक्त कृती कार्यक्रम स्वीकारला. बाझेलच्या खाली वाइल आम ऱ्हाइन येथे १९९३ पासून स्विस व जर्मन प्रशासनांचे संयुक्त संनियंत्रण केंद्र कार्यरत आहे. तेथे नदीच्या रुंदीवर वेगवेगळ्या ठिकाणांहून पाणी उचलले जाते, त्यामुळे एका काठाने जाणारा प्रदूषित पट्टाही निसटत नाही. तेथून मिळणाऱ्या सूचनेमुळे खालच्या शहरांना पाणी उचलणे वेळेत थांबवता येते.

मर्यादा

कोणताही आराखडा नदीचे संपूर्ण चित्र देत नाही. ज्या घटकाचे परीक्षण केले नाही त्याविषयी नमुना मौन राहतो. अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकत्र करणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राच्या खाली घेतलेल्या नमुन्यावरून एकट्या कारखान्याचा दोष ठरवता येत नाही. त्यासाठी वसाहतीच्या आतील वाहिन्यांपर्यंत जावे लागते. ऑनलाइन उपकरणे मोजक्याच घटकांची नोंद करतात व त्यांचे प्रमाणीकरण वेळोवेळी करावे लागते.

यांमुळे अहवालाच्या भाषेलाही महत्त्व येते. ‘नदी प्रदूषित नाही’ आणि ‘अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक जागी घेतलेल्या नमुन्यांत तपासलेले घटक मर्यादेत आढळले’ ही दोन विधाने समानार्थी नाहीत. नमुन्यांवरून दुसरे विधानच करता येते. पहिल्या विधानाच्या जवळ जाण्यासाठी स्थाने, वेळा व घटक यांची व्याप्ती वाढवणे एवढाच मार्ग असतो.